मार्केसाचे चुंबक

दोन वर्षांनी जमिनीतून वर काढलेली आई एवढ्याशा पेटीत मावली, हे ओर्तेन्सिया मावशीला काही केल्या पटेना.

“अरे, जिवंतपणी ही बाई सोफ्यावर एकटी बसली तरी दुसऱ्याला जागा उरायची नाही,” ती म्हणाली. “ओस्मेल, सगळी घेतलीस ना रे? माझ्या बहिणीचं काही मागे राहायला नको.”

“सगळी घेतली मावशी. एकेक हाड पुसून, पावडर लावून ठेवलंय.”

“कवटी वर ठेवलीस का खाली?”

“वर.”

“बरं केलंस. तिला कोंदट जागेत गुदमरायचं.”

ओल्गीनच्या दफनभूमीत कोणी कायमचं राहायला जात नाही. दोन वर्षं झाली की जागा पुढच्याला मोकळी करून द्यायची आणि आपलं माणूस कापडात गुंडाळून घेऊन जायचं. काही माणसं दोन वर्षांतही तयार होत नाहीत. मग खणणारा मान हलवतो, नातेवाईक आणलेले टॉवेल तसेच घेऊन परत जातात आणि सहा महिन्यांनी पुन्हा येतात. सोइला, म्हणजे आई, मात्र अगदी वेळेवर तयार झाली होती. खणणाऱ्याने कौतुकही केलं. “अशी स्वच्छ बाई वर्षात एखादीच निघते,” तो म्हणाला, आणि थोरल्या नेरेइदाला इतक्या दिवसांत पहिल्यांदा आईचा अभिमान वाटून रडू आलं.

पेटी ओस्मेलने स्वतः बनवली होती, घरच्या मेलेल्या फ्रिजच्या पत्र्याची. वरून पांढरा रंग दिला होता, पण उन्हात धरली की झाकणाच्या कडेला फ्रिजचा जुना पिवळा रंग दिसायचा. त्या फ्रिजशी आईचं आयुष्यभर वैर होतं. आता तिला त्यातच राहायचं होतं, हे ओस्मेलच्या ध्यानात आलं नव्हतं आणि नेरेइदानेही ते त्याला सांगितलं नव्हतं. धाकट्या भावाला सगळंच सांगायचं नसतं.

बाबा फाटकाच्या आत आलेच नाहीत. “आतलं तुम्ही बघा, मी गाडीकडे बघतो,” एवढं म्हणून ते बाहेर मार्केसाची काच पुसत राहिले. बाबांनी, म्हणजे एवेलियोंनी, आयुष्यातल्या सगळ्या कठीण प्रसंगांत हेच केलं होतं. नेरेइदा जन्मली तेव्हाही ते इस्पितळाबाहेर प्लग साफ करत होते, असं आई सांगायची.

मार्केसा म्हणजे त्रेपन्न सालची अमेरिकन गाडी. अमेरिकन म्हणजे, बाहेरून. आत व्होल्गाचं रशियन इंजिन होतं, ब्रेक कुठल्याशा ट्रॅक्टरचे होते, हॉर्न चिनी होता आणि दरवाजाची मूठ घराच्या न्हाणीघरातली होती. आजोबांनी ती घेतली, बाबांनी टिकवली, आणि आता ती कोणाची यावर गेल्या रविवारी जेवणाच्या टेबलावर घर दुभंगलं होतं.

विषय ओस्मेलने काढला होता. सायकल-टॅक्सी ओढून ओढून त्याचे गुडघे चाळिशीतच म्हाताऱ्याचे झाले होते. त्याला मार्केसा भाड्याने फिरवायची होती. पण तो हे कारण देत नव्हता. तो घोड्याचं कारण देत होता.

“बाबा, तुम्ही घोडागाडीला आरसा घासलात. घोडा दिसला नाही तुम्हाला.”

“घोडा चुकीच्या बाजूला होता.”

“घोडा उभा होता, बाबा!”

“तेच तर. चुकीच्या बाजूला उभा होता.”

मावशी ओस्मेलच्या बाजूची. तिचं म्हणणं, ऐंशीला टेकलेल्या माणसाने डोलखुर्ची चालवावी. नेरेइदाचा नवरा रिगोबेर्तोही ओस्मेलच्याच बाजूचा, पण त्याचं कारण वेगळं होतं. तो बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवायचा, आणि ज्या माणसाने पेट्रोलच्या नळीवर भोंग्यातले चुंबक बांधले आहेत त्याच्या हातात वाहन असू नये, असं त्याचं तत्त्व होतं.

चुंबक बाबांनी, पेट्रोल पहिल्यांदा दिसेनासं झालं त्या काळात बांधले होते. कारखान्याच्या आवारात भाषणं ऐकवणारे दोन मोठे भोंगे मोडीत निघाले, त्यांच्या पोटातून हे जाडजूड काळे गोल निघाले. बाबांनी ते कार्बोरेटरच्या अलीकडे, तांब्याच्या नळीला दोन बाजूंनी लावून वर काळी पट्टी गुंडाळली. तेव्हापासून मार्केसा कमी पिते, असं त्यांचं ठाम मत होतं. आई म्हणायची, “त्या चुंबकांनी वीस वर्षं भाषणं ऐकलीत. आता कुठे त्यांना काही काम मिळालंय, करू द्या.”

रविवारी टेबलावर बाबांनी वादाचा शेवट त्यांच्या पद्धतीने केला. तोंड पुसलं, रुमालाची घडी घातली आणि म्हणाले, “सोइलाला माहेरी, हिबाराला पोचवायला मार्केसाच जाणार आणि मीच नेणार. वाटेत ती एकदा जरी बंद पडली, तर त्याच जागी किल्ली ओस्मेलच्या हातात देईन. नाही पडली, तर माझ्या मरणापर्यंत या घरात घोड्याचा विषय निघणार नाही.”

“मंजूर,” ओस्मेल म्हणाला.

“मंजूर,” मावशी म्हणाली. तिला कोणी विचारलं नव्हतं.

“ताई, तू?”

नेरेइदा भांडी उचलत होती. तिला विचाराल तर बाबांनी गाडी चालवू नये हेच खरं होतं. त्यांच्या डाव्या डोळ्यात पडदा धरला होता. ते कॉफी कपाच्या शेजारी ओतायचे आणि कप सरकला म्हणायचे. पण आई गेल्यापासून त्या माणसाकडे दुसरं होतं काय? सकाळी उठून बॉनेट उघडायचं, हेच त्यांचं उठण्याचं कारण होतं.

“आधी आईला पोचवू,” ती म्हणाली, आणि भांडी घेऊन आत गेली.

*

पेट्रोल त्या महिन्यात अफवेसारखं होतं: सगळ्यांनी ऐकलेलं, कोणी पाहिलेलं नाही. कोणी बाटलीभर, कोणी डबाभर, असं करून जाऊन-येऊन पुरेल न पुरेल इतकं जमलं होतं. बाबांनी टाकीत काठी बुडवून ती सर्वांना दाखवली. “रिकाम्या डोक्याच्या माणसाला हे कमी वाटेल. चुंबक असल्यावर हे खूप आहे.”

पुढे बाबा आणि ओस्मेल. मागे एका खिडकीशी मावशी, दुसऱ्या खिडकीशी रिगो, मध्ये नेरेइदा आणि आई. आईची पेटी नेरेइदा आणि रिगोच्या मध्ये सीटवर होती आणि रिगोने आपली कापडी पिशवी तिच्यावर ठेवली होती. 

आग्वास क्लारास गाव मागे पडलं. मार्केसा सुरेख चालली होती. बाबांनी एका हाताने शिट्टी वाजवल्यासारखी बोटं ओठांना लावली आणि आरशात रिगोला शोधलं.

“ऐकताय ना मास्तर? मांजरीसारखी घुरघुरतेय.”

“चांगली चालतेय, सासरेबुवा. मी नाही कुठे म्हणतोय?”

“पेट्रोलचे कण नळीतून येताना झोपलेले असतात. कसेही, आडवेतिडवे. चुंबक त्यांना उठवतो आणि रांगेत उभं करतो. मग ते शिस्तीत जळतात.”

“सासरेबुवा, या देशात रांगेत उभं राहून कोणाला काही जास्त मिळाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.”

ओस्मेल खोखो हसला. मावशीही हसली, मग पेटीकडे पाहून तिने क्रूसाची खूण केली. बाबांनी मनाला लावून घेतलं नाही. जावयाच्या अंगी विनोद आहे, एवढं ते मान्य करत असत. अक्कल मात्र शिकून गेली, असं त्यांचं म्हणणं.

रस्त्यात एक खड्डा आला. एवढा मोठा की तो दोन्ही डोळे चांगले असलेल्यालाही चुकवता आला नसता. पेटी उडाली, पिशवीही उडाली, पण दोघी एकत्र उडाल्या आणि एकत्र खाली आल्या. नेरेइदाला ते विचित्र वाटलं.

“आईवर पिशवी कशाला ठेवलीस? काढ ती.”

“राहू दे गं.”

“अरे काढ म्हणते ना. बरं दिसतं का?”

तिने पिशवीचा बंद धरून ओढला. पिशवी आली नाही. तिने जोर लावला, तर अख्खी आई कलली.

नेरेइदाने नवऱ्याकडे पाहिलं. रिगो खिडकीबाहेर उसाकडे पाहत होता. वीस वर्षांच्या संसारात त्याने उसाकडे इतकं लक्ष कधी दिलं नव्हतं. तिने पिशवीवर हात ठेवून चाचपलं. आत, टॉवेलाच्या खाली, जाडजूड, गोल. एकाला एक चिकटलेले दोन.

पलीकडे मावशी पुढच्या सीटवरच्या ओस्मेलला हिबारातल्या खेकड्यांबद्दल सांगायला लागली होती. त्या आवाजाखाली नेरेइदा कुजबुजली, “रिगोबेर्तो.”

ती पूर्ण नाव कधीच घेत नसे.

“पोचल्यावर सांगणारच होतो,” तो ओठ न हलवता म्हणाला. “सकाळी सासरेबुवा दाढी करत होते तेव्हा काढले. पट्टी तशीच गुंडाळली, आत बाटलीची बुचं घातली. गाडी काही बंद पडत नाही, तू बघ. हिबाराला उतरल्यावर त्यांच्या हातात देईन. म्हणेन, हे बघा, यांच्याशिवाय आलो. बस्स. पैज ते जिंकतील, आणि खरं काय तेही कळेल.”

“आणि त्यांना काय वाटेल?”

“खरं कळल्यावर माणसाला बरं वाटतं.”

“तुला कोणी सांगितलं हे?”

त्याने यावर खरोखर विचार केला. रिगोचा हाच गुण होता. प्रश्न विचारला की तो विचार करायचा. “कोणी नाही,” तो म्हणाला.

फ्लोरो पेरेस हे गाव ओलांडून थोडं पुढे गेल्यावर मार्केसा खोकली. मग ठसका लागल्यासारखी दोनदा पुढे झेपावली. मग बाबांनी क्लच दाबला, काहीतरी पुटपुटले, आणि गाडी उतारावरून आवाज न करता, एखाद्या मोठ्या बाईने सभेतून उठून जावं तशी, रस्त्याच्या कडेला जाऊन थांबली.

 इंजिन टकटक करत थंड होत होतं.

*

ओस्मेल सभ्य माणूस होता. त्याने “मी म्हटलं होतं” म्हटलं नाही. पण त्याच्या मानेवरून नेरेइदाला दिसलं की ते न म्हणण्यासाठी त्याला फार जोर लावावा लागतोय.

बाबांनी बॉनेट उघडलं. आधी टाकीत काठी घालून पाहिली; पेट्रोल होतं. प्लगला ठिणगी होती. मग ते बराच वेळ त्या काळ्या पट्टीकडे पाहत राहिले. खिशातून लहान पाना काढला आणि पट्टीजवळ धरून सोडला. पाना खटकन उडून नळीला चिकटायला हवा होता. तो सरळ खाली पडला, इंजिनवर आपटून धुळीत गेला.

बाबांनी तो उचलला, पुसला, पुन्हा धरला, पुन्हा सोडला. पुन्हा पडला.

“मेले,” ते म्हणाले.

“कोण मेलं?” मावशी खिडकीतून घाबरून म्हणाली.

“चुंबक. संपले.” बाबा मागे सरकले आणि मडगार्डवर टेकले. उन्हात त्यांचा डावा डोळा पाण्यासारखा दिसत होता. “तीस वर्षं टिकले. सोइला गेली, त्यांनाही कंटाळा आला असेल. मला कळायला हवं होतं. रोज बॉनेट उघडतो आणि पाना लावून बघत नाही म्हणजे काय.”

मग त्यांनी खिडकीतून हात घालून किल्ली काढली, एरवी गळ्यात असायच्या त्या दोरीसकट. किल्लीला घाम लागला होता. ती त्यांनी सदऱ्याला पुसली आणि ओस्मेलपुढे धरली.

“घे.”

“बाबा, राहू द्या आता. आधी आईला—”

“घे रे. त्याच जागी म्हटलं होतं. ही ती जागा.”

ओस्मेलने किल्ली घेतली. त्याला आनंद झाल्याचं दिसलं नाही. त्याने किल्ली खिशात टाकली, मग बाहेर काढली, मग हातातच धरून ठेवली, कोणाची तरी हरवलेली वस्तू सापडल्यासारखी.

नेरेइदा गाडीतच बसून होती. गप्प बसणं इतकं सोपं होतं. गप्प बसलं की सगळं जागेवर येत होतं: ओस्मेलचे गुडघे वाचत होते, घोडे वाचत होते, रिगोची लाज राहत होती, आणि तिला स्वतःला बापाच्या तोंडावर काही बोलावं लागत नव्हतं. तिला हवं तेच होत होतं. फक्त रस्त्याच्या कडेला एक म्हातारा मडगार्डवर टेकून आपल्या बायकोबरोबर आपले चुंबकही मेले असं समजून बसला होता, आणि ते खोटं होतं.

रिगो तिच्याकडे पाहत होता. उसाकडे नाही. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

“रिगो,” ती मोठ्याने म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. “ती पिशवी घेऊन खाली उतर.”

“नेरे…”

“उतर.”

रिगोने पिशवीचे बंद धरले आणि उचलली. पिशवीबरोबर आईही उचलली गेली. पांढरी पेटी पिशवीला खालून घट्ट धरून सीटवरून वर आली आणि दरवाजात तिरकी होऊन लोंबकळत राहिली.

मावशी किंचाळली. “सोइला! अगंबाई, हिने धरलंय त्याला! मास्तर, काय केलंत तुम्ही? सोडत नाहीये ती! काय केलंत ते सांगा आधी!”

“सांगतो, सांगतो! मावशी, पेटी धरा खालून, पडेल ती!”

मावशीने पेटी धरली, नेरेइदाने पिशवी, रिगोने टॉवेल ओढून काढला आणि मग दोन्ही हातांनी, पाय चाकाला लावून, एकेक चुंबक आईपासून सोडवला. पेटीच्या पांढऱ्या रंगावर दोन काळे गोल उमटले. चुंबक त्याने बाबांच्या समोर धरले आणि वर्गात उत्तर न आलेल्या मुलासारखा उभा राहिला.

“मेलेले नाहीत,” तो म्हणाला. “मी काढले होते. सकाळी. पट्टीत बुचं आहेत.”

बाबांनी चुंबकांकडे पाहिलं. मग पाना त्यांच्याजवळ नेला. खट्.

“बुचं?” ते म्हणाले.

“बाटलीची.”

“कसल्या बाटलीची?”

“रमच्या.”

“माझ्या रमच्या?”

“सासरेबुवा, मला वाटलं गाडी चालेल. देवाशपथ. चुंबकांनी पेट्रोलला काहीही होत नाही, हे मी आजही सांगेन. गाडी बंद पडायला नको होती.” तो थांबला. त्याच्या डोळ्यांत काहीतरी हललं. नेरेइदाला ते माहीत होतं, गणित सुटताना त्याचे डोळे तसे व्हायचे. “बंद पडायला नको होती,” तो पुन्हा म्हणाला, वेगळ्या आवाजात. “बाबा, टाकी कुठल्या सालची?”

“गाडीच्या सालची. का?”

“आतून गंजलीय.”

“आता आपण सगळेच गंजलोय. पुढे बोल.”

“कार्बोरेटर उघडायचा का?”

जावयाने पहिल्यांदाच त्यांना बाबा म्हटलं होतं. ते दोघांच्याही ध्यानात आलं नाही, नेरेइदाच्या आलं.

दोघांची डोकी बॉनेटखाली गेली. बराच वेळ फक्त दोन पाठी दिसत होत्या, एक वाकलेली आणि एक जाड, आणि आतून आवाज येत होते. “धरा.” “धरलंय.” “इकडून नाही, तिकडून.” “मी ही गाडी तुमच्या जन्माआधीपासून उघडतोय, मास्तर.”  मग रिगोचा आवाज: “हे बघा.”

कार्बोरेटरच्या वाटीत तपकिरी चिखल होता. बारीक गंज, भिजलेल्या कॉफीसारखा.

“हा सगळा लोखंडाचा चुरा,” रिगो म्हणाला. “टाकीतून रोज थोडा थोडा येतोय. तो चुंबकापाशी नळीला चिकटून बसायचा, पुढे जायचाच नाही. तीस वर्षं साठला असेल. मी चुंबक काढले, आणि सगळा एकदम सुटून इथे आला. पेट्रोल सोडणाऱ्या जेटचं बारीक भोक बुजलं.” त्याने मान वर केली. “पेट्रोलवर काही परिणाम नाही. पण गंज—”

“म्हणजे चुंबक काम करतात,” बाबा म्हणाले.

“तुम्ही म्हणता तसं नाही.”

“पण करतात.”

“गाळणीसारखं करतात. कण उठवून रांगेत वगैरे नाही…”

“मास्तर. हो का नाही?”

रिगोने जेट उन्हात धरून त्याच्या बुजलेल्या भोकातून पाहण्याचा प्रयत्न केला. “हो,” तो म्हणाला.

“ओर्तेन्सिया, केसांतला आकडा दे गं,” बाबा म्हणाले, आणि त्यांचा आवाज गाडी थांबल्यानंतर प्रथमच त्यांचा स्वतःचा झाला होता.

मावशीच्या आकड्याने जेट साफ झाला. रिगोने त्यातून फुंकर मारली आणि त्याच्या ओठांना तपकिरी मिशी आली. बाबांनी चुंबक आपल्या हातांनी नळीवर बसवले, पट्टी आवळली, बुचं खिशात ठेवली. किल्ली लागणार होती. सगळ्यांनी ओस्मेलकडे पाहिलं.

ओस्मेलने चप्पल धुळीत घासली. “बंद पडली म्हणजे पडली, असं बोलणं झालं होतं,” तो म्हणाला. ते कोणाला पटावं अशी त्याचीही अपेक्षा दिसत नव्हती.

“चुंबकांसकट बंद पडली असती तर,” नेरेइदा म्हणाली.

“ताई, तू माझ्या बाजूची होतीस.”

“अजूनही आहे. पण असं नाही.”

“मी तर आता तुझ्या बाजूची नाहीच बाबा,” मावशी म्हणाली. “मी डोळ्यांनी पाहिलं. तिने त्या पिशवीला असं धरलं होतं. सोइलाचं मत पडलं, विषय संपला.”

“मावशी, तो चुंबक होता. पेटी लोखंडी आहे.”

“आणि पेटी लोखंडी कोणी बनवली? तूच ना? मग?”

 ओस्मेलने किल्ली बापाच्या गळ्यात घातली, दोरी कॉलरखाली नीट केली, आणि पुढच्या सीटवर जाऊन बसला. बाबांनी किल्ली पुन्हा काढून लावली आणि मार्केसा दुसऱ्या झटक्याला सुरू झाली.

*

हिबाराच्या दफनभूमीतला माणूस जेवायला जाण्याच्या बेतात टोपी घालत होता. मावशीने त्याला त्याच्या आईच्या नावाने हाक मारली आणि त्याने टोपी काढली. सोइलाला तिच्या आईवडिलांच्या शेजारी ठेवलं. या वेळी बाबा आत आले. पेटी त्यांनी स्वतः नेली आणि कोनाड्यात सारताना हळू आवाजात काहीतरी म्हणाले, वाऱ्यामुळे नेरेइदाला फक्त शेवट ऐकू आला: “…आणि जावई आहे तसा चांगला.”

मग मावशीच्या हिबारातल्या घरी खेकडे. खेकडे खाताना कोणालाच कोणाशी भांडता येत नाही, दोन्ही हात गुंतलेले असतात. रिगोने बाबांना नांगी फोडून दिली. बाबांनी ती घेतली आणि म्हणाले, “या विषयावर तुम्ही मुलांना शिकवायला हवं.” रिगो म्हणाला, “शिकवीन.” कुठल्या बाजूने, ते दोघांनीही उघड ठेवलं.

निघायच्या वेळी मावशी दारात उभी राहिली. ती आता तिथेच राहणार होती, बहिणीजवळ. बाबा मार्केसाभोवती एक फेरी मारून आले, चारही चाकांना लाथ घातली आणि पलीकडच्या बाजूचा दरवाजा उघडून, चालकाच्या नव्हे, शेजारच्या सीटवर जाऊन बसले.

“बाबा?” ओस्मेल म्हणाला.

“बस तिकडे.”

“तिकडे म्हणजे… चालवू?”

“मग काय ढकलणार आहेस?”

नेरेइदा खाली वाकून खिडकीशी आली. “बाबा, बरं वाटत नाहीये का? पैज तुम्ही जिंकलात ना.”

“म्हणूनच. हरलेल्याकडून काय, सगळेच घेतात. द्यायचं असेल तर जिंकून द्यावं.” त्यांनी खिडकीची काच अर्धी खाली केली, पूर्ण ती कधीच जात नसे. “आणि खरं सांगू का? चालवणाऱ्याला इंजिन ऐकूच येत नाही. त्याचं सगळं लक्ष रस्त्यावर.”

“तुमचं होतं?” मावशीने दारातून विचारलं.

“नव्हतं. म्हणून तर मला सगळं ऐकू यायचं.” मग ते ओस्मेलकडे वळले. “आता नीट ऐक. भाड्याने फिरव. पण किल्ली रोज संध्याकाळी माझ्या गळ्यात. गाडी निघेल तेव्हा मी या सीटवर. आणि ज्याच्याकडे डिग्री आहे त्याने बॉनेटला हात लावायचा नाही, मी शेजारी उभा असल्याशिवाय.”

“बाबा, ही पुढची सीट म्हणजे एक भाडं आहे!”

“मागे दाटीने बसव. माणसं बसतात दाटीने. सवय आहे त्यांना.”

ओस्मेलने आकाशाकडे पाहिलं, मग बहिणीकडे. नेरेइदाने खांदे उडवले. तो स्टिअरिंगमागे बसला आणि हात पुढे केला. बाबांनी मान पुढे झुकवली, आणि दोरी गळ्यातून न काढता तेवढ्याच लांबीत किल्ली लावायचा प्रयत्न करू लागले. ते जमत नाही हे कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी ती काढून दिली.

गावाबाहेरच्या झाडाखाली नेहमीप्रमाणे माणसं लिफ्टसाठी हात पुढे करून उभी होती. ओस्मेल थांबला. सैनिकाच्या गणवेशातला एक मुलगा आला, आणि एक जाडजूड बाई, काखेत कोंबडा. मागच्या सीटवर जिथे सकाळी आई होती तिथे आता ते बसले, आणि रिगो इतका कोपऱ्यात गेला की त्याचा अर्धा गाल काचेला लागला. नेरेइदा त्याच्या अंगावर रेलली होती. त्याला पिशवीसकट खाली उतरवल्यापासून ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नव्हती. आताही बोलली नाही, पण त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात राहिलेली तपकिरी मिशी तिने अंगठ्याने पुसली.

“छान चालते हो गाडी,” बाई म्हणाली. “माझ्या भावाची सारखी बंद पडते.”

बाबा पूर्ण मागे वळून बसले. आता त्यांना रस्ता बघायचाच नव्हता. “बाई, तुमच्या भावाने इंजिनाला चुंबक लावलेत का?”

“चुंबक? कशाला?”

“पेट्रोलचे कण नळीतून येताना झोपलेले असतात…”

ओस्मेलने आरशातून मागे पाहिलं. फ्लोरो पेरेस येईपर्यंत कण उठले, रांगेत उभे राहिले आणि शिस्तीत जळाले. गणवेशातल्या मुलाला झोप लागली. बाई मात्र लक्ष देऊन ऐकत होती, पण तिच्या चेहऱ्यावर बाजारात वजनकाट्याकडे पाहणाऱ्या बाईचा भाव होता.

“तुम्ही म्हणता खरं, आजोबा,” ती शेवटी म्हणाली. “पण याला काही पुरावा?”

“पुरावा तुमच्या शेजारी बसलाय,” बाबा म्हणाले. “आमचे जावई. फिजिक्सचे मास्तर आहेत, साधेसुधे नाहीत. विचारा त्यांना.”

बाई वळली. कोंबडाही वळला. बाबांचा चांगला डोळा सीटच्या पाठीवरून रिगोवर रोखलेला होता, आणि तो रोखलेला असूनही त्यात विनवणीसारखं काहीतरी होतं, जे रिगोने पाहिलं आणि नेरेइदाने पाहिलं. रिगोने नेहमीप्रमाणे विचार केला. खरोखरच केला, गाडीने एक अख्खं वळण पार केलं.

“बाई,” तो म्हणाला, “मी एवढंच सांगेन. एकदा लावलेत, की काढून बघू नका.”